गुलाबी पिशवी की चंदेरी?

सर्किट बोर्ड, रॅम स्थिर विजेपासून जपून ठेवायला दोन्ही वापरतात, पण त्यांचं काम एकच नाही. गुलाबी पिशवी म्हणजे रसायन मिसळलेलं पॉलिथिन. ते रसायन पृष्ठभागावर येऊन हवेतला ओलावा धरतं, म्हणून घासली तरी पिशवीवर स्थिर विद्युतभार फारसा साठत नाही. बस, एवढंच. भारित बोट बाहेरून टेकलं तर त्याचं विद्युतक्षेत्र थेट आत पोहोचतं. शिवाय कोरड्या हवेत आणि जुनी झाल्यावर तिचा गुण उतरतो. स्क्रू, केबल, कागदपत्रांना ती पुरे.

चंदेरी पिशवीत प्लास्टिकच्या थरांमध्ये धातूचा अतिशय पातळ थर असतो. तो फॅरडेच्या पिंजऱ्यासारखा वागतो, म्हणजे बाहेरचं विद्युतक्षेत्र आत येऊ देत नाही, मात्र तोंड दुमडून नीट बंद केलं तरच. भोकं किंवा खोल चुण्या पडल्या की हा थर तुटतो. तशी पिशवी पुन्हा वापरू नये. माणसाला स्थिर विजेचा झटका साधारण ३००० व्होल्टच्या आसपास जाणवतो, काही चिप मात्र १०० व्होल्टच्या आतच बिघडतात. तेव्हा बोर्डासाठी चंदेरीच.

पण तिच्यावर बोर्ड ठेवून तो चालू करायची सवय चुकीची. संरक्षण पिशवीच्या आत मिळतं, वर नाही.