लोकभय की देवाचं भय? फरक ओळखायचा कुठे

दोन्ही भीती वरून सारख्याच दिसतात. फरक कळतो तो कुणी बघत नसताना.

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीचंच घ्या. नीट वाळलेलं हळकुंड मोडताना खणकन वाजतं, ओलसर असेल तर नुसतं वाकतं. लोकभय असलेला माणूस पोत्याच्या तोंडाशी वाळलेली हळद ठेवतो, कारण अडत्याची नजर तिथवरच पोचते. देवाचं भय असलेला तळाचीही वाळवतो. वजन घटतं, पैसे कमी येतात. हा तोटा खराच, तो लपवू नये.

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, लोकभय बहुधा नम्रतेचा सदरा घालून येतं. हिशेब चुकलाय हे दिसतं, पण पंचांच्या बैठकीत तोंड उघडत नाही. ‘कशाला वाईटपणा घ्या!’ अंत्युखिया शहरात येशूचा प्रेषित पेत्र याच भीतीने विदेश्यांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीतून उठला (बायबल, गलतीकरांस पत्र 2:12). प्रेषितसुद्धा घसरतो, म्हणजे हे फक्त नवख्यांचं दुखणं नव्हे.

सवय लावायची तर रात्री 5 मिनिटं पुरतात. आज कुठे गप्प बसलो, कुणाच्या भीतीने, हे नाव घालून वहीत लिहा, तेच प्रार्थनेत मांडा आणि आठवड्यात त्यातली एकच गोष्ट त्या माणसाशी एकांतात बोला (मत्तय 18:15). थेट सभेत उठून बोलणं टाळा. तिथे ‘मी कुणाला घाबरत नाही’ हे दाखवायची हौस येते, आणि तेही लोकभयच, फक्त उलटं घातलेलं.