पुस्तकांच्या स्टॉलसाठी फोल्डिंग कॅनोपी, चांगली आहे पण...
स्वतः छापलेली पुस्तकं मैदानातल्या मेळ्यात विकायची तर डोक्यावर सावली हवीच, म्हणून ही १० बाय १० फुटांची घेतली. दोघं असाल तर पटकन उभी राहते, एकट्याने नादी लागू नका. सोबतचे खिळे फक्त मातीत चालतात, फरशीवर उपयोग शून्य, चारही पायांना वजनं वेगळी घ्यावीच लागतात नाहीतर जरा वारा सुटला की कॅनोपी एकीकडे न् लेखक दुसरीकडे. रंग पांढराच घ्या हां, निळ्या छताखाली सगळी कव्हरं आजारी दिसतात आणि गिऱ्हाईक हातात घ्यायच्या आधीच पुढे सरकतं. उतरतं ऊन तिरकं आत येतं, त्यासाठी साइडचा पडदा हवा होता, तो दिलेला नाही. शिवण मात्र मजबूत. ४ स्टार.