तुरीच्या दाण्याएवढा वेस्टन

वाढदिवसाला स्वतःलाच भेट म्हणून वेस्टन अशनीचा, म्हणजे 1807 मध्ये अमेरिकेत आकाशातून पडलेल्या दगडाचा, एक कण मागवला. झाकणाला भिंग बसवलेली प्लॅस्टिकची डबी, आत पांढरा फोम, त्यावर तुरीच्या दाण्याएवढा दगड. सोबत विक्रेत्याचं प्रमाणपत्र, एका जुन्या संग्रहाच्या लेबलची झेरॉक्स आणि आठ पानांची पुस्तिका. किंमत इथे लिहीत नाही, कारण ती अजून घरातही सांगितलेली नाही.

आधी दगडाबद्दल. रंग राखाडी आणि एका कडेला पापुद्र्यासारखी काळी साल. हवेतून येताना वरचा थर वितळला, त्याची ही खूण. दोऱ्याला लोहचुंबक टांगून डबीजवळ नेला, तर चुंबक लगेच तिकडे ओढला गेला. वेस्टन अशनींच्या भरपूर लोह असलेल्या एच गटातला, त्यामुळे हे अपेक्षितच होतं. दहापट भिंगाखाली धातूचे चकाकणारे ठिपके दिसतात आणि नीट शोधलं तर कॉन्ड्रूल म्हणतात ते बारीक गोल दाणेही. ते सुमारे 450 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत आणि पृथ्वीवर घडलेल्या खडकांत सापडत नाहीत. भिंगाला पाच गुण.

पण असे दाणे वाळवंटात सापडलेल्या निनावी अशनींमध्येही दिसतात, आणि ते पुष्कळ स्वस्त पडतात. वेस्टनला जादा पैसे मोजायचे ते कागदांसाठी. मी औषधांच्या प्रयोगशाळेत काम करते. नमुना कुणाच्या हातून कुणाकडे गेला याची नोंद तुटलेली असेल, तर आम्ही बाटलीचं झाकणही उघडत नाही. म्हणून मी आधी कागद वाचले.

14 डिसेंबर 1807 च्या पहाटे, साडेसहाच्या सुमारास, कनेटिकटमधल्या वेस्टनवर आगीचा गोळा फुटला आणि दगड पडले. काही दिवसांतच येल कॉलेजचे दोन प्राध्यापक तिथे पोचले: रसायनशास्त्राचे बेंजामिन सिलिमन आणि भाषांचे जेम्स किंग्स्ली. सिलिमन तेव्हा 28 वर्षांचे. मूळचे वकिलीकडचे. 1802 मध्ये रसायनशास्त्राची प्राध्यापकी मिळाली तेव्हा तो विषय त्यांना जवळजवळ येतच नव्हता. मग फिलाडेल्फिया आणि एडिंबरा इथे जाऊन शिकून आले. माझ्या मते वेस्टनला कामी आली ती त्यांची वकिली. दोघे शेतोशेती फिरले, ज्यांनी पाहिलं त्यांना विचारलं, गोळा कुठून कुठे गेला, किती उंच, आवाज किती वेळाने, आणि जबान्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. खड्डे स्वतः पाहिले. नंतर सिलिमननी दगडाचं पृथक्करण केलं. त्यात निकेलही निघालं. लंडनमध्ये रसायनशास्त्रज्ञ हॉवर्ड यांनी 1802 मध्ये आकाशातून पडलेल्या इतर दगडांत ते दाखवलं होतं. त्यामुळे वेस्टनचा दगडही त्याच कुळातला ठरला.

गावकऱ्यांनी मात्र दगड फोडले. सोनं-चांदी निघेल म्हणून ऐरणीवर घातले, मुशीत तापवले. माझा कण अशाच एखाद्या घणाखालून उडाला असेल, असं वाटून मला उगाच बरं वाटलं. साडेछत्तीस पौंडांचा सर्वांत मोठा तुकडा कर्नल गिब्ज या खनिजसंग्राहकाकडे गेला. त्यांचा अख्खा संग्रह येलने 1825 मध्ये 20,000 डॉलरना घेतला, तेव्हा तो दगड तिथे पोचला. त्याआधीच, 1818 मध्ये, सिलिमननी ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायन्स’ सुरू केलं होतं. वेस्टनच्या वेळी असं काही हाताशी नव्हतं; पहिला वृत्तांत त्यांना स्थानिक वर्तमानपत्रात छापावा लागला.

आता तक्रारी. पुस्तिकेच्या तिसऱ्याच पानावर, ठळक अक्षरांत, तेव्हाचे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या नावावर खपणारं वाक्य: आकाशातून दगड पडतात यापेक्षा दोन यांकी (ईशान्य अमेरिकेतले) प्राध्यापक खोटं बोलतात हे पटायला सोपं. जेफरसन असं म्हणाल्याचा त्या काळातला पुरावा नाही. फेब्रुवारी 1808 मधलं त्यांचं खरं पत्र आहे, आणि त्यात ते उलट सांगतात की कारण देता येत नाही म्हणून गोष्ट नाकारायची नसते, आणि दगड जाणकारांकडून तपासून घ्यावा. जबान्या पारखून नाव कमावलेल्या सिलिमनचा दगड विकायचा आणि सोबत ऐकीव वाक्य छापायचं! विक्रेत्याला ईमेल केला. उत्तर आलं, ‘गिऱ्हाइकांना ते वाक्य आवडतं.’

दुसरी तक्रार वजनाची. प्रमाणपत्रावर 0.31 ग्रॅम, माझ्या तराजूवर 0.28. तीनदा मोजलं. नंतर फोमवर काळी भुकटी दिसली. म्हणजे फसवणूक नसावी, प्रवासात खिरला असावा. पण इतक्या ठिसूळ मालाला टपालातून असा सैल पाठवणं हा शुद्ध निष्काळजीपणा. फोमला कणाएवढी खाच पाडली असती तरी भागलं असतं.

लेबलची झेरॉक्स मात्र फार चांगली आहे. जुना संग्रह क्रमांक, झरणीचं अक्षर, आणि त्याखाली दुसऱ्या हाताने केलेली दुरुस्ती. तिच्यासाठी चार तारे देते. पाचवा त्या तिसऱ्या पानाने खाल्ला.

घेणार असाल तर दगडाच्या फोटोआधी लेबलचा फोटो मागवा. आल्या आल्या वजन करा आणि डबी शक्यतो उघडू नका. मी उघडली, आणि प्लॅस्टिकच्या विजेने एक कणी उडून झाकणाला चिकटली. ती आता वेगळ्या कुपीत आहे, स्वतःच्या चिठ्ठीसह: तारीख, वजन, ‘झाकणावरून, माझ्या हातून’.