कोडिंग शिकायला गेलो आणि नावावर कर्ज झालं

एकूण 98,499 रुपये. नोंदणीचे 4,999, 'सर्व्हर'चे 12,500 आणि फी 81,000.

वरुड-मोर्शीपासून काटोल-नरखेडपर्यंत व्यापारी संत्र्याचा बगीचा नुसता नजरेनं पाहून ठोक्यानं घेतात. शेजारच्या वावरात काय भाव लागला ते शेतकऱ्याला कळावं, यासाठी मला ॲप काढायचं होतं. एकानं बनवून द्यायचे तीन लाख सांगितले, म्हणून एका कंपनीच्या ऑनलाइन कोर्सात स्वतःच शिकायला निघालो. यात माझं काय चुकलं? रात्री ओलिताची पाळी, मोटार लावून धुऱ्यावर बसून वर्ग केले. एकही बुडवला नाही.

'नव्वद दिवसांत फाउंडर (नवा धंदा काढणारा) स्वतःचं ॲप लिहील' असं सांगून कंपनीवाल्यांनी प्रवेशाच्या नावानं आधारचा ओटीपी घेतला. तो कर्जाचा होता. 6,750 चे बारा हप्ते. ओटीपी सांगण्याआधी विचारा, हे कर्ज आहे का, आणि कर्जाचा लेखी तपशील मागा.

पाचव्या आठवड्यात मला कळायला हवं होतं. लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करवणारा साधा कोड, धड जमत नव्हता आणि सरांनी अख्खं ॲप पाठवलं, 'तुमच्यासाठी बनवलं' म्हणून. त्यात लायसन्सची फाइल होती. परक्या माणसाचं नाव, साल 2019. विचारलं तर म्हणाले, "डिलीट करा, फाउंडरला सगळं लिहावं लागत नाही." ती एमआयटी लायसन्स होती. कोड फुकट वापरता येतो, पण मूळ नाव ठेवावंच लागतं. मी ते नाव माझ्या हातानं पुसलं. त्याच रात्री थांबलो असतो तर सर्व्हरचे 12,500 तरी वाचले असते. ते मी त्यानंतर भरले.

ठाण्यात म्हणाले, "तुम्हीच तं पैसे पाठवले, मंग फसवणूक कशी? दिवाणी मामला आहे." तीन चकरा, प्रत्येक वेळी साहेब बंदोबस्तात. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, 1930 वर, तक्रार क्रमांक मिळाला, पुढे काहीच नाही. ग्राहक हेल्पलाइन 1915 वरून उत्तर आलं की कंपनीनं 'कोर्स पूर्ण दिला' असं कळवलंय, तक्रार बंद. मला एक फोनही नाही! भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम 318 आहे, ते कुणासाठी लिहिलंय?

कोडिंग शिकवणारी फ्रीकोडकॅम्प ही वेबसाइट फुकट आहे. हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस50 हा कोडिंगचा ऑनलाइन कोर्स फुकट आहे. 'स्वयम्' या सरकारी पोर्टलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट बघता येतात. हे मला प्रवेशाआधी कुणी सांगितलं नाही. स्टार्टअप इंडिया या सरकारी योजनेच्या नोंदणीचे कुणी पैसे मागितले तर देऊ नका, तीही फुकट आहे.

सात हप्ते बाकी आहेत. पाच तारखेला खात्यातून कटतात, आंबिया बहाराचे पैसे आलेले असोत वा नसोत.