ट्रामचं किट घेतलं, दांडा घरी करावा लागला

मुंबईच्या डबलडेकर ट्रामचं लाकडी मॉडेल, आपलं आपण जोडायचं किट, साडेचौदाशे रुपये. पुण्यात अप्पा बळवंत चौकात पोराची गाईडं घ्यायला गेलो होतो, तिथून गाडी काढायला वळलो तर बोळातल्या एका दुकानाच्या काचेत हा बॉक्स दिसला. दुकानाचं नाव लिहीत नाही, मालकांशी भांडण नाहीये माझं. बॉक्स उघडून दाखवा म्हटलं तर सील आहे म्हणाले, म्हणजे आत काय आहे ते घरी येऊनच कळणार. घेतलं कारण बाबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता आणि त्यांचं सगळं लहानपण लालबागच्या चाळीत गेलंय. कोथरूडला येऊन पस्तीस वर्षं झाली तरी पत्ता विचारला की माणूस अजून लालबागच्या खुणा सांगतो.

आधी चांगलं सांगतो. एमडीएफचं, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या फळीचं, कटिंग एकदम स्वच्छ आहे, दोनशेच्या वर तुकडे आहेत आणि एकही कमी निघाला नाही, खाचा इतक्या नीट बसतात की फेव्हिकॉल नुसता टिंबाएवढा लागतो. वरच्या मजल्यावर जायचा गोल जिना तर कमाल आहे, एकेक पायरी वेगळी, ती दाभणासारख्या काडीत ओवत जायची. माझा एक अख्खा रविवार त्या जिन्यात गेला आणि मजा आली, खोटं कशाला बोलू.

आता इतिहास. बॉक्सवर मोठ्ठ्या अक्षरात १८७४ छापलंय आणि खाली चित्र विजेच्या डबलडेकरचं. अहो १८७४ साली मुंबईत ट्राम घोड्यांवर चालायची! ९ मे १८७४ ला सुरू झाली, एक रूट कुलाबा ते पायधुणी आणि दुसरा बोरीबंदर ते पायधुणी, काही गाड्यांना एक घोडा, काहींना दोन. कुलाब्याहून पायधुणीला ३ आणे पडायचे, सुरुवातीला तर तिकीटच देत नव्हते, नुसते पैसे घ्यायचे. विजेची ट्राम आली ७ मे १९०७ ला आणि डबलडेकर त्यानंतर, १९२० मध्ये. म्हणजे बॉक्सवरची तारीख आणि चित्र यात सेहेचाळीस वर्षांचा फरक. छापायच्या आधी कुणाला तरी वाचायला द्यायचं ना, सदाशिव पेठेत फुकट चुका काढून देणारे ढिगाने मिळतील.

पण ही छापायची चूक झाली, ती सोडून दिली असती. खरी गंमत मॉडेल जोडून बाबांच्या पुढ्यात ठेवलं तेव्हा झाली. चष्मा पुसला, एकदा पुढून बघितलं, एकदा वरून बघितलं आणि म्हणाले, "ही चालते कशावर?" मला आधी कळेच ना. मग टपावर बोट ठेवून म्हणाले, "दांडा कुठाय?" किटमध्ये दांडाच नाही! ट्राम वरच्या तारेतून वीज घेणार ती टपावरच्या त्या लांब दांड्यातून, त्याच्या टोकाला चाक आणि मागे लोंबणारी दोरी. दांडा तारेवरून सटकला की आतले दिवे गप्पकन जायचे, ट्राम जागच्या जागी उभी, मग कंडक्टर मागे जाऊन दोरी ओढून ओढून तो परत तारेला लावायचा आणि पब्लिक आत बसून त्याला सूचना द्यायचं. हे बाबांनी हात वर करून, मान मागे टाकून करून दाखवलं.

दुसरं म्हणजे खाली जो बेस दिलाय त्यावर रूळ आहेत, रुळाखाली स्लीपर आहेत आणि वरून टाकायला खडीची एक पुडी. डिझाइन करणाऱ्याने सिंहगड एक्स्प्रेस डोळ्यासमोर ठेवली असणार. ट्रामचे रूळ रस्त्यातच बसवलेले असतात, वर नुसती खाच दिसते, बाकी रस्ता सपाट, कारण त्याच रस्त्यावरून बाकीच्या गाड्या, हातगाड्या, माणसं सगळंच जायचं. त्या खाचेत सायकलचं चाक अडकून बाबांचा एक मावसभाऊ परळ नाक्यावर असा काही आपटला होता की त्याचा दात पडला, आणि तो दात कुठला हेही बाबांना आठवतं.

पुस्तिका दोन पानी आणि तीही इंग्रजीत. त्यात म्युझियम, फ्लोरा फाउंटन, क्रॉफर्ड मार्केट एवढंच, म्हणजे टुरिस्ट जिथे फोटो काढतो ते. ट्राम ज्यांच्या जिवावर चालली ते भायखळा, लालबाग, परळ, गिरगाव कुठेच नाही. गोवालिया टँकला ट्रामचं टर्मिनस होतं त्याचा उल्लेख नाही. आणि दादर टीटी! पुण्याहून बसने जाणारा प्रत्येक माणूस आयुष्यात एकदा तरी "टीटीला उतरवा" म्हणालाय, मीच कॉलेजात असताना शंभर वेळा म्हटलं असेन, आणि टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस हे मला चाळिसाव्या वर्षी एका खेळण्यामुळे कळावं? अधिकृत नाव खोदादाद सर्कल आहे म्हणे, पण ते सांगून टॅक्सीवाल्याला काय कळणार. ट्राम जाऊन साठ वर्षं झाली तरी बसवाले तिच्याच नावाने ओरडतात. पुस्तिकेत ही एक ओळ असती तरी मी एक स्टार वाढवला असता.

आपल्याकडे पुण्यात ट्राम कधी नव्हतीच त्यामुळे दुकानदारालाही काही विचारून उपयोग नव्हता. तरी दांड्याचं विचारायला परत गेलो. ते म्हणाले कंपनीला मेल करा. केला. तीन आठवडे झाले.

शेवटी दांडा आम्हीच केला. खराट्याची काडी, टोकाला माझ्या जुन्या शर्टाचं सगळ्यात बारीक बटण चाक म्हणून, आणि दोरीला आईच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा. खडी फेकून दिली, रुळांच्या मधे पुठ्ठा भरून वरून करडा रंग मारला, आता बेस रस्त्यासारखा दिसतो. पाटीवरचं स्टिकर एकाच बाजूला होतं, दुसऱ्या बाजूला पोराने स्केचपेनने "दादर" लिहिलं, द थोडा वाकडा आलाय.

रंग लावताना बाबांना विचारलं, शेवटची ट्राम बघितली होती का? ३१ मार्च १९६४ च्या रात्री ती बोरीबंदरहून दादरला गेली, म्हणजे लालबागवरूनच गेली असणार. तर म्हणाले, नाही. सकाळी परीक्षा होती म्हणून आजोबांनी उठवलं नाही, थोरल्या काकांना तेवढं घेऊन गेले. "आणि पेपर गणिताचा होता, त्यात तसाही नापास झालो."

स्टार पाचातले तीन. दोन लाकडाच्या कामाला आणि एक त्या जिन्याला. पुस्तिकेला शून्य. घरात ट्राममधून फिरलेलं माणूस असेल तर डोळे झाकून घ्या, नसेल तर साडेचौदाशे जास्त आहेत, त्यापेक्षा मुंबईत 'आणिक' नावाच्या बस डेपोत बेस्टचं म्युझियम आहे तिथे पोरांना घेऊन जा, ट्रामची मॉडेलं तिथेही आहेत. ऑर्डर करणार असाल तर खराट्याची काडी जाड बघून घ्या, आमची पहिली मोडली.