जुन्या गाडीची कूलिंग कॉइल लीक: गॅस भरत राहायचं, वेल्डिंग, जुनी कॉइल, लोकल की ओरिजिनल?

मार्च सरला की परभणी, नांदेडपासून बीड, लातूरपर्यंत एसीवाल्या गॅरेजांवर एकच तक्रार, ब्लोअर जोरात चालतोय पण हवा गरम. मिस्त्री गेज लावतो, गॅस संपलाय म्हणतो, भरून देतो आणि दोन-तीन आठवड्यात पुन्हा तेच. बाहेरचे पाईप, कंडेन्सर सगळं ठीक निघालं की बोट डॅशबोर्डच्या आतल्या इव्हॅपोरेटरवर जातं, ज्याला आपल्याकडं सगळे कूलिंग कॉइलच म्हणतात. मग चार माणसं चार सल्ले देतात. बरेच जण हेच विचारायलेत म्हणून सगळे पर्याय शेजारी-शेजारी ठेवतोय, पण माझं मत आधीच सांगतो: कॉइलची किंमत बघून ठरवू नका, ती काढायला डॅशबोर्ड किती खोलावा लागतो ते बघून ठरवा.

त्याआधी कॉइलच लीक आहे याची खात्री करा. डाव्या सीटच्या पायाखाली साधं पाणी साचत असेल तर तो गॅसचा लीक नाही, कॉइलवर जमलेलं पाणी बाहेर टाकणारा ड्रेन पाईप चोक झालेला असतो, तो हवा मारून मोकळा होतो. तेच पाणी चिकट, गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट, म्हणजे हीटरच्या कॉइलचं दुखणं, त्याचा एसीशी संबंधच नाही. गॅसचा लीक शोधायला गाडीत थोडा तरी गॅस पाहिजे. गाडी आणि ब्लोअर बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग डिटेक्टरचं टोक ड्रेन पाईपच्या तोंडाशी धरायचं, कारण एसीचा गॅस, म्हणजे आर १३४ए, हवेपेक्षा साडेतीन पट जड आहे, कॉइलमधून सुटला की खाली बसतो आणि तिथूनच बाहेर पडतो. गॅस पूर्ण गेला असेल तर कॉइलचे पाईप वेगळे बंद करून नायट्रोजनचं प्रेशर ठेवायचं आणि काटा उतरतो का बघायचं. यातलं काहीच न करता नुसतं अंदाजानं डॅशबोर्ड खोलणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका.

आता गॅस भरत राहणं विरुद्ध कॉइल बदलणं. लीक इतका बारीक असेल की एकदा भरलं की अख्खा उन्हाळा निघतो, आणि गाडीचे १५ वर्षं भरत आलेत, आरसी रिन्यूअल, पर्यावरण कर वगैरे करून ती ठेवायची की विकायची हेच ठरलेलं नाही, तर एक सीझन गॅसवर काढणं समजू शकतो. पण महिन्याला भरावं लागत असेल तर हा सगळ्यात महाग रस्ता आहे, कारण गॅसबरोबर कंप्रेसरचं ऑइल पण फिरत असतं आणि लीकमधून तेही थोडं थोडं जातं, ते कुणी भरत नाही, आणि एक दिवस कंप्रेसर जाम झाला की त्याचा धातूचा चुरा सगळ्या लाईनमध्ये जाऊन बसतो. मग कॉइलचं काम राहतं बाजूला आणि अख्खी सिस्टीम बदलायची पाळी. त्यात स्वस्तातला गॅस म्हणून कुठं कुठं एलपीजीसारखा पेटणारा गॅस मिसळलेला मिळतो, आर १३४ए तसा पेटत नाही, आणि आपली कॉइल लीक आहे म्हणजे तो गॅस केबिनमध्येच येणार. लेकरं बसतात त्या गाडीत. हे अजिबात करू नका.

लीक बंद करणारं केमिकल डब्यातून मिळतं, ते कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणाऱ्या एक्स्पान्शन वॉल्वच्या बारीक भोकात अडकू शकतं आणि नंतर गॅस काढायच्या मशीनला पण त्रास देतं, त्यावर यापेक्षा जास्त बोलायची गरज नाही.

वेल्डिंगचं जरा बघायला पाहिजे. जुन्या काळच्या तांब्याच्या नळ्यांच्या कॉइलला टाका मारून वर्षानुवर्षं काम भागायचं, तो अनुभव लोकांच्या डोक्यात बसलाय. आत्ताच्या कॉइल ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याच्या असतात. बाहेरच्या पाईपचा जोड फुटला असेल तर चांगला अर्गनवाला, म्हणजे अर्गन गॅसवर ॲल्युमिनियमचं वेल्डिंग करणारा, तो भरून देतो आणि टिकतो पण. भोक कॉइलच्या अंगात असेल तर मात्र पैसे पाण्यात, कारण ते भोक एकटं नसतं. आमच्या दाजींच्या अल्टोची कॉइल काढली तेव्हा बघितलं, फिन्सच्या, म्हणजे कॉइलवरच्या पातळ पत्र्यांच्या, मधी काळ्या मातीची धूळ, कापसाचे तंतू, मळणीचा भुस्सा असा दाबून बसलेला की बोटानं ओढला तर घोंगडीच्या तुकड्यासारखा सुटून आला, आणि त्याखाली एका कोपऱ्यात ऑइलचा ओला डाग. नायट्रोजन भरून बादलीत बुडवली तर त्या डागापाशी तर बुडबुडे आलेच, शिवाय आणखी दोन जागी पण आले. ओला कचरा वर्षानुवर्षं ॲल्युमिनियमला चिकटून राहिला की ते असंच सगळीकडून खात जातं, तुम्ही एक भोक बुजवलं तर शेजारचं तयारच असतं.

भंगारातल्या गाडीची जुनी कॉइल म्हणजे तेवढीच वर्षं हीच धूळ खाल्लेली कॉइल. पार्ट यायचाच बंद झालाय अशा गाडीलाच हा मार्ग, आणि तेव्हाही बादलीत टेस्ट करून मगच पैसे द्यायचे.

खरी निवड राहते लोकल आणि ओरिजिनलमध्ये. लोकल बऱ्याचदा ओरिजिनलच्या निम्म्याच्या आसपास पडते आणि लगेच हातात येते, ओरिजिनलची कधी कधी पुण्याहून वाट बघावी लागते. फरक कुठं पडतो तर मापात. लोकल कॉइल उलुसं बारीक असली की बॉक्समध्ये फट राहते आणि हवा कॉइलमधून न जाता बाजूनं निसटते, बाहेर ४२-४३ डिग्री असताना तेवढ्यानंच आत गार होत नाही. पाईपचं तोंड थोडं तिरकं असलं की मिस्त्री ओढून बसवतो आणि ओ-रिंग, म्हणजे जोडातली रबराची रिंग, तिथंच गळायला लागते. एक मधला रस्ता आहे जो दुकानदार आपण होऊन सांगत नाही: गाडी कंपनीला पार्ट देणाऱ्यांचीच कॉइल त्यांच्या स्वतःच्या डब्यात मिळते का विचारा. मारुतीच्या एसीचं काम सुब्रोस ही कंपनी वर्षानुवर्षं करतीय, तसंच तुमच्या गाडीचं कुणाचं आहे ते जुन्या कॉइलच्या स्टिकरवर बऱ्याचदा दिसतं. तो डबा कंपनीच्या डब्यापेक्षा स्वस्त पडू शकतो.

जुनी मारुती ८००, जुनी अल्टो असल्या गाड्यांत ग्लोव्ह बॉक्स काढून तिथूनच कूलिंग बॉक्स बाहेर येतो, तिथं बरी लोकल कॉइल टाकून बघायला हरकत नाही, बिघडली तरी पुन्हा काढणं जिवावर येत नाही. पण जिथं स्टिअरिंग, वायरिंग, अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो तिथं मजुरीच कॉइलपेक्षा जड, क्लिपा तुटतात, नंतर खडखड वाजतं, एअरबॅगवाली गाडी असेल तर बॅटरी काढून नीट काम येणाराच माणूस पाहिजे. तिथं ओरिजिनल किंवा तो मधला पर्यायच, लोकल नको. आणि मागं वेगळी कॉइल असलेली सात-आठ सीटर असेल तर लीक पुढची आहे की मागची हे आधी बघा, मागची पुढच्यापेक्षा लवकर निघते बऱ्याचदा.

कुठलीही टाका, उघडलंच आहे तर एक्स्पान्शन वॉल्व, गॅसमधला ओलावा शोषणारा ड्रायर आणि सगळ्या ओ-रिंग त्याच वेळी बदला, कंपनीनं सांगितलेलं ऑइल घाला. फिन्समध्ये खोचलेला टेम्परेचरचा सेन्सर होता त्याच जागी बसवायला सांगा, नाहीतर कॉइलवर बर्फ धरतो किंवा कंप्रेसर लवकर कट होतो. कॉइलभोवतीची फोमची पट्टी जुनी कुसकी असेल तर नवीन. गॅस भरायच्या आधी लाईनमधली हवा पंपानं ओढून केलेला व्हॅक्युम अर्धा-पाऊण तास ठेवून काटा हलत नाही हे स्वतः उभं राहून बघा, आणि गॅस अंदाजानं नाही तर वजनानं भरायला लावा, बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. जुना गॅस असेल तर तो मशीननं काढून घेणारा मिस्त्री शोधा, हवेत सोडला तर आर १३४ए कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजार पटीहून जास्त गरमी धरतो, आपलाच उन्हाळा वाढवायचा का.

अन केबिन फिल्टर. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो दिलेलाच नाही, काहींत जागा आहे पण फिल्टर नाही. जागा असेल तर लगेच टाका आणि सोयाबीनच्या मळण्या, कापूस उरकला की दरवर्षी काढून झटका.