एचपी एन्क्लो 68: दोन वर्षं प्रेसमध्ये वापरून झाल्यावर

भोसरीला आमचं छोटं वर्कशॉप आहे, 100 टनाचा हायड्रॉलिक प्रेस आणि एक जुना प्रेस ब्रेक (पत्रा वाकवायचं मशीन). प्रेसच्या टाकीत दोन वर्षं झाली एचपीचं (हिंदुस्थान पेट्रोलियमचं) एन्क्लो 68 हे हायड्रॉलिक ऑइल चालवतोय आणि मी त्यावर खूश आहे, पण माझ्या प्रेसला चाललं म्हणजे तुमच्या मशीनला चालेलच असं नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी आम्ही ओळखीच्या एका दुकानातून लूज ऑइल आणायचो. रंग सोन्यासारखा, दुकानदार म्हणायचा 68 च आहे शेठ, आम्ही पण डोळे झाकून ओतायचो. एप्रिल लागला की दुपारनंतर रॅम (प्रेसचा खाली-वर होणारा दाबणारा भाग) आपोआप खाली सरकायचा, सकाळी 180 बार प्रेशर दाखवणारा गेज तीन वाजता 150 च्या वर जाईना, मग आम्ही सील बदलले, जास्तीचं प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह खोलून साफ केला, काही फरक नाही, शेवटी ऑइल ढकलणारा गिअर पंप खोलला तर आत सगळीकडे ओरखडे. नवीन पंप आणि चार दिवस काम बंद. ऑइलचे वाचलेले पैसे एका फटक्यात गेले, वाईट याचं वाटतं की तो पंप अजून पाच वर्षं सहज चालला असता.

रंगावरून काहीच कळत नाही हो. 68 म्हणजे 40 अंशाला 68 सेंटीस्टोक घट्टपणा, 46 म्हणजे 46. पण आपल्याकडे उन्हाळ्यात टाकीतलं ऑइल 65-70 ला जातं आणि 70 ला 68 चं ऑइल साधारण 20 वर येतं, 46 चं 14-15 वर. एवढं पातळ झालं की पंपाच्या आतूनच ऑइल मागे फिरतं आणि प्रेशर बसत नाही. माझ्या पंपाच्या मॅन्युअलमध्ये 68 लिहिलंय म्हणून 68, प्रेस ब्रेकच्या प्लेटवर 46 आहे तर त्यात 46 च, एकच बॅरल दोन्हीकडे ओतायचा मोह मला पण झाला होता पण नाही केलं. आणि कृपा करून इंजिन ऑइल टाकू नका, त्यातलं डिटर्जंट पाण्याला धरून ठेवतं, खाली बसू देत नाही, मग ऑइल ताकासारखं पांढरं होतं.

आता एन्क्लोचा अनुभव. दोन उन्हाळे गेले, दुपारी प्रेशर टिकतं, रॅम सरकत नाही, फेस नाही, टाकीच्या तळाला पूर्वीसारखा चिकट गाळ नाही. डिसेंबरात सकाळी पहिली दहा मिनिटं पंप ओरडतो, पण तो 68 ग्रेडचाच गुण आहे, थंडीत ते घट्ट असतं आणि पंपाला ओढता येत नाही, तेवढा वेळ लोड न देता मशीन फिरवायचं, कर्कश आवाज कमी झाला की कामाला लागायचं. लूजपेक्षा महाग आहे, ते आहेच.

अजून एक, बॅरल नवीन आहे म्हणजे ऑइल स्वच्छ आहे असं धरू नका. आम्ही 10 मायक्रॉनच्या फिल्टरमधूनच टाकीत भरतो, आणि भरायच्या आधी जुनं सगळं काढून टाकी पुसून घेतली होती, तीसुद्धा साध्या कापडाने, कॉटन वेस्टचे धागे सुटतात आणि स्ट्रेनरच्या जाळीत जाऊन बसतात. बॅरल बाहेर उभा ठेवायचा नाही, वर पावसाचं पाणी साचतं आणि झाकणातून हळूहळू आत ओढलं जातं. आडवा ठेवा, दोन्ही बूच एका आडव्या रेषेत आणि ऑइलखाली राहतील असा. पाणी गेल्याचा संशय आला तर गरम तव्यावर लांबूनच एक थेंब टाकून बघा, तडतडलं तर पाणी आहे, ते ऑइल मशीनमध्ये ओतू नका.